पोर्ट कुणी धरलंय

मॉडेम उघडायला तयार नव्हता. मॉडेम म्हणजे मुठीत मावेल एवढा काळा डबा, पोटात सिमकार्ड, पाठीला जाड सिरियल केबल. काम एकच, उबवणीच्या खोलीतलं तापमान बिघडलं की फोनवर मेसेज पाठवायचा. त्या खोलीत अकरा हजार अंडी होती आणि त्यांची वाट लागायला दोन-तीन तास पुरले असते.

गेली एकतीस वर्षं हे काम मॉडेमऐवजी अप्पा करत होते. म्हणजे खोलीच्या दाराशी खाट टाकून पडायचे आणि काही बिघडलं की आरडाओरडा करून घर डोक्यावर घ्यायचे. आता त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. तापमानाचा आकडा बघायला ते काचेला नाक टेकवत आणि तरीही सदतीसला एकतीस वाचत. डॉक्टरांनी ऑपरेशनच्या तीन तारखा दिल्या, अप्पांनी तिन्ही उडवल्या. पहिल्यांदा पिल्लं निघायची होती, दुसऱ्यांदा पंखा कुरकुरत होता, तिसऱ्यांदा त्यांना शिंक आली. चौथी तारीख उद्याची होती. आता उशीर केलात तर उजव्या डोळ्याची हमी देत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं.

अप्पांची अट मात्र ठरलेली. "तुझा तो डबा बोलायला लागला तर जातो. अंडी वाऱ्यावर सोडून मी कुठं जाणार नाही."

म्हणून धाकट्या लेकीनं आठ दिवसांची रजा टाकली होती आणि उबवणीच्या ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही सिस्टीम चढवून त्याला हा डबा जोडला होता. थोरली उद्या सकाळी सातला गाडी घेऊन येणार होती. आता दुपारचे दोन वाजले होते आणि पडद्यावर तीच ओळ होती, पोर्ट उघडता आलं नाही. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटर ज्यातून डब्याशी बोलतो ते दार. का, ते विचारायचं नाही. खिडकीपलीकडचा कारकून जसा "होणार नाही" म्हणून चहाला जातो, तसा हा प्रोग्राम एवढं सांगून गप्प बसला होता.

धाकटीनं केबल काढून लावली. दिवा हिरवा होता, म्हणजे डबा ठणठणीत. मग तिला वाटलं, परवानगीचं लफडं असेल. लिनक्समध्ये पोर्टला हात लावायचा तर योग्य गटात नाव लागतं. तिनं बघितलं, नाव होतं. शेवटी सगळेच करतात ते केलं, कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. मॉडेम निमूटपणे उघडला.

"अप्पा, झालं बघा," ती बाहेर डोकावून म्हणाली.

"असं?" अप्पा खाटेवरून उठले. "बरं झालं. मी जरा आत आकडा बघून येतो."

पाचच मिनिटांत मॉडेम पुन्हा बंद. तिनं पुन्हा कॉम्प्युटर चालू केला, मॉडेम पुन्हा उघडला, तिनं पुन्हा वर्दी दिली, अप्पा पुन्हा आकडा बघायला गेले आणि पुन्हा सगळं मुसळ केरात. धाकटीनं मॉडेमला, केबलला आणि लिनक्स लिहिणाऱ्या समस्त मंडळींना चार शेलक्या शिव्या घातल्या. तिसऱ्या खेपेला तिला शंका आली की पाणी भलतीकडेच मुरतंय. पोर्ट कुणी धरलंय, हे सांगणारी एक कमांड असते. ती तिनं सकाळीच चालवायला हवी होती. उत्तर एका ओळीत आलं. पोर्ट दुसऱ्याच प्रोग्रामनं धरलं होतं आणि तो चालवणाऱ्याचं नाव होतं 'अप्पा'.

ती तडक उबवणीच्या खोलीत गेली. तिथं आकडे बघायला ठेवलेल्या, ऑफिसातल्या कॉम्प्युटरला जोडलेल्या लॅपटॉपला नाक लावून अप्पा बसले होते. मांडीवर पुठ्ठा होता. मॉडेम जिवंत आहे का, हे इथूनच कसं तपासायचं, ते तिनंच मागच्या आठवड्यात त्यावर बोटभर अक्षरांत लिहून दिलं होतं. म्हाताऱ्याचा विश्वास बसावा म्हणून.

"ओके म्हणतोय," अप्पा म्हणाले. "ठीक आहे तुझा डबा."

"बघून झालं की बंद करायचं, असं सांगितलं होतं ना? एका वेळी एकालाच पोर्ट मिळतं."

"म्हणून तर," अप्पा म्हणाले.

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सकाळपासून माझा जीव चाललाय, आणि तुम्ही इथं बसून... ऑपरेशनला घाबरता का?"

"छट. वीस मिनिटांचं काम. गावातल्या शिंप्यानं केलं, तो दोन आठवड्यांत सुईत दोरा ओवायला लागला."

"मग काय झालं?"

अप्पांनी पुठ्ठा उलटा केला, सुलटा केला. "आठ दिवस थोरलीकडे राहायचं. परत आलो आणि इथं माझ्यावाचून सगळं झकास चाललेलं दिसलं तर? तेही अगदी स्वच्छ दिसलं तर?"

धाकटीचा राग होता तिथंच विरघळला आणि तिला फार वाईट वाटलं. अप्पांचा प्रोग्राम तिला ऑफिसातूनच एका ओळीच्या कमांडनं बंद पाडता आला असता. तिनं तसं केलं नाही. "तुम्हीच बंद करा," ती म्हणाली आणि ते पुठ्ठ्यावर बोट फिरवत नेमकं बटण शोधेपर्यंत थांबली.

ऑफिसात मॉडेम उघडला. अप्पा तिच्या मागं येऊन थांबले.

"मेसेज कुणाकुणाला जातो?"

"मला, ताईला आणि मशीनवाल्याला."

"बरं," अप्पा म्हणाले. ते खाटेकडे जायला वळले.

धाकटीला आपलीच लाज वाटली. तिनं यादी उघडली, सगळ्यांत वर अप्पांचा नंबर घातला आणि चाचणीचा मेसेज सोडला. अप्पांच्या खिशात फोन थरथरला. त्यांनी तो नाकाशी धरला, लांब नेला, पुन्हा नाकाशी आणला.

"काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं.

मेसेजात 'चाचणी' एवढाच शब्द होता.

"अप्पांना बोलवा म्हणतोय," धाकटी म्हणाली.

अप्पांनी फोन खिशात ठेवला आणि वरून दोनदा चाचपला. "थोरलीला म्हणावं, सातला म्हणजे सातला ये. मला तिकडं फार दिवस राहता यायचं नाही."