आटलेलं दूध

मित्रांनो, मी एक जुनी दुधाची बाटली आहे. अंगावर मापाच्या रेघा आणि पोटावर एक बदक. घासून घासून त्याची चोच केव्हाच गेली. कारखान्यात मऊ, गरम प्लास्टिकमध्ये हवा भरून मला घडवलं, तेव्हा माझी काय ऐट होती! औषधांच्या दुकानात काचेआड उभी राहून मी वाट बघायची, कोणाचं बाळ आपल्या वाट्याला येतंय याची.

एक दिवस एक माणूस धापा टाकत आला. "चांगली द्या हो, पहिलंच आहे आमचं."

त्या पहिल्याला तो ढब्बू म्हणायचा. ढब्बू चुटूचुटू प्यायचा, मध्येच दम खायचा, आणि पोट भरलं की माझं निपल तोंडात तसंच ठेवून झोपायचा. मला कोण आनंद व्हायचा! पण ढब्बूची आजी मला बघितलं की तोंड वाकडं करायची. "आताच्या मुलींना सगळं तयार पाहिजे बाई!"

ढब्बूची आई मान खाली घालायची. "येतच नाही हो दूध, आई."

हे खोटं होतं, आणि ते फक्त मला ठाऊक होतं. मला धुवायच्या निमित्तानं ती न्हाणीघरात जायची, कडी लावायची, नळ मोठा सोडायची आणि स्वतःचं दूध हातानं पिळून बेसिनमध्ये सोडून द्यायची. बाहेर ढब्बू भुकेनं टाहो फोडत असायचा. तो रडला की दूध आणखीच यायचं. ती ओठ दातांत धरून उभी राहायची.

कारण असं होतं, की पोटात बाळ असताना तपासणीत तिच्या रक्तात बी प्रकारच्या काविळीचा विषाणू सापडला होता. तो रक्तातून पसरतो, हे तिनं ऐकलं होतं. मग दुधातूनही जाणारच, असं तिचं तिनंच ठरवलं. ढब्बू जन्मला तेव्हा लगेच त्याला दोन इंजेक्शनं दिली गेली. "आता बाळाची काळजी नको," असं नर्स म्हणालीसुद्धा. तेव्हाच तिला दुधाचं विचारायचं होतं. पण खाटेपाशी सासूबाई उभ्या होत्या. त्यांना कळलं तर आपल्याला बाळाला हातही लावू देणार नाहीत, या धास्तीनं ती गप्प बसली.

पुढे लसीसाठी ढब्बूला दवाखान्यात नेलं. पिशवीतून माझं डोकं वर आलेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "अंगावर नाही पाजत?"

तिचा बांध फुटला. "कसं पाजू? माझ्या रक्तात आहे ना ते!"

"अहो, कोणी सांगितलं तुम्हाला असं?"

"कोणी नाही. मीच..."

"जन्मल्याबरोबर लस आणि विषाणूला लगेच रोखणारं ते दुसरं इंजेक्शन, दोन्ही मिळालंय त्याला. आईच्या दुधातून हा आजार होत नाही. स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल, तर तेवढे दिवस त्या बाजूनं थांबायचं."

"म्हणजे मी पाजलं असतं तर चाललं असतं?"

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग हळूच म्हणाल्या, "चाललं असतं."

त्यांनी बाकीचंही समजावलं. मिठी मारून, एका ताटात जेवून, एका कपातून पिऊन हा विषाणू पसरत नाही. मात्र दाढीचं पातं, दात घासायचा ब्रश, सुई यांची देवघेव करायची नाही. नवऱ्याचं रक्त तपासायचं, गरज असेल तर त्याला लस द्यायची. तिच्या यकृताची तपासणी होईल. लागलीच तर रोज एक गोळी, ती विषाणूला दाबून ठेवते, आणि ती आपल्या मनानं बंद करायची नाही. "बाळाला छातीशी लावत राहा," त्या म्हणाल्या. "कधीकधी दूध परत येतं."

नाही आलं. ते केव्हाच आटलं होतं. ती तासन् तास ढब्बूला छातीशी धरून बसायची. तो अंग ताठ करून तोंड फिरवायचा, आणि रडत रडत टेबलावर ठेवलेल्या माझ्याकडे बघायचा. "अरे, मी आई आहे ना रे तुझी," ती म्हणायची. शेवटी ती मलाच उचलून त्याच्या तोंडाशी धरायची. मित्रांनो, मला तेव्हा जमिनीवर सांडून जावंसं वाटायचं.

मग तिनं घरात सगळं सांगितलं. नवरा डोकं धरून बसला. "मला तरी सांगायचंस गं!" सासूबाईंनी तिच्या हातातला उष्टा कप घेतला आणि उरलेला चहा पिऊन टाकला. "एवढी का वाईट आहे गं मी?" म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

ढब्बूच्या सगळ्या लशी झाल्यावर त्याचं रक्त तपासलं. विषाणू नाही! नवऱ्यानंही लस घेतली. आई रोज जेवल्यावर तिची गोळी घेते. ढब्बू आता कपानं पितो. मी फळीवर धूळ खात पडले आहे, त्याचं मला काही वाटत नाही.

फक्त एक ऐका. तपासणीत काही निघालं तर मनातलं सगळं डॉक्टरांना विचारा, वेडगळ वाटलं तरी विचारा. आणि घरात कोणी गप्प गप्प असेल, तर तिच्याजवळ जाऊन बसा. ढब्बूचं पोट मी रोज भरलं. तरी त्याच्या आईला जे द्यायचं होतं, ते माझ्यात कधीच नव्हतं.