थोरलीचा नेम, धाकटीचा भात

पेसाहच्या सणाला चार दिवस उरले असताना मी त्या दोघी ज्यू बहिणींकडे कामाला लागले. थोरल्या बाई ब्याऐंशीच्या, धाकट्या एकोणऐंशीच्या. स्वयंपाक, औषधं आणि थोरलीची आंघोळ, एवढं माझं काम.

"सणाचे आठ दिवस घरात पाव, बिस्किट, पीठ काही दिसायला नको," धाकट्या बाईंनी बजावलं. इथवर समजलं. मग त्यांनी दोन पातेली पुढ्यात ठेवली. "ह्यात माझा भात. आणि हे ताईचं. ह्यात तांदूळ नाही, डाळसुद्धा नाही."

"एकाच आईबापाच्या ना तुम्ही?"

"बाबांकडे पेसाहात भात चालायचा. ताई लग्न होऊन पडली न चालणाऱ्यांच्या घरात."

थोरलीचे घड्याळजी यजमान जाऊन एकवीस वर्षं झाली होती. माणूस गेला, नेम राहिला.

सणाच्या दुसऱ्याच दिवशी मी भाताचा डाव थोरलीच्या बटाट्यांत घातला. आरडाओरडा केला तो धाकटीनं. बटाटे पुन्हा उकडायला लावले. आतून थोरली म्हणाली, "एवढं काय आकाशपाताळ एक करतेस गं?" मी चक्रावलेच. नेम एकीचा, राखणार दुसरी!

चौथ्या दिवशी थोरलीचं पोट बिघडलं. डॉक्टर म्हणाले, मऊ भात द्या, दुसरं काही नको. मी भात शिजवला, तर धाकट्या बाई दारात आडव्या.

"तिला द्यायचा नाही."

"अहो, डॉक्टरांनी सांगितलंय."

"आजाऱ्याला मुभा असते, मला ठाऊक आहे. पण बरी झाली की म्हणेल, मी अंथरुणात पडले आणि हिनं माझा नेम मोडला."

"मग त्यांनाच विचारू या."

थोरलीनं डोळेही उघडले नाहीत. "दे की. पोटात आग पडलीय."

धाकटी रडायलाच लागली. "साठ वर्षं माझ्या ताटाकडे बघून नाक मुरडलंस, आणि आता 'दे की'?"

"मुरडत कुठं होते? वास घेत होते."

थोरलीनं चार चमचे खाल्ले आणि झोपली. धाकट्या बाईंनी मात्र त्या दिवसापासून भाताला हात लावला नाही. बिनखमिराची कोरडी पोळी बटाट्याशी चावत बसल्या.

"तुम्हाला काय झालं?" मी विचारलं.

"एकीनं तरी नेम राखायला नको?"

"पण तो तर तुमच्या मेव्हण्यांच्या घरचा."

"हो ना. आणि तो माणूस मला कधी आवडलाही नाही."

दोन दिवसांनी थोरलीला बरं वाटलं. सकाळीच म्हणाली, "आता मला भात नको हं." धाकटीही खात नव्हती, म्हणून मी तांदूळ काढलेच नाहीत. दुपारी पानं वाढली, तर धाकट्या बाई पानाकडे बघतच राहिल्या.

"माझा भात कुठाय?"

थोरली तोंड फिरवून हसत होती. मी मुकाट्यानं तांदूळ निवडायला घेतले.