टॉवेलाखालचा कॅमेरा

"थंड आहे ना?" छायाचित्रकार इसोगाईने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता भाजलेल्या जवाच्या चहाचा पेला उचलला. दुसऱ्या हाताने त्याने खांद्यावरचा कॅमेरा हळूच पाठीमागे सरकवला. कॅमेऱ्यावर टॉवेल होता.

कुसाकाने तिकडे पाहिलं नाही. सकाळपासूनचा हा चौथा टॉवेल.

निशिनोमियाच्या मैदानावर शाळकरी बेसबॉलची उन्हाळी स्पर्धा भरली, की छायाचित्रकारांच्या खोलीत तोकिवा या कॅमेरा कंपनीचं दुरुस्तीचं टेबल लागायचं. टेबलामागे कुसाका बसायचा. सव्वीस उन्हाळे तो तिथे बसला. मैदानातली काळी माती कॅमेऱ्यात शिरली, लेन्स आपटली, बटण रुतलं, की माणसं धापा टाकत त्याच्याकडे यायची. यंदा रांग होती ती समोरच्या भिंतीशी, आरुक कंपनीच्या टेबलापुढे.

आरुक म्हणजे कालपरवापर्यंत भात शिजवायची भांडी विकणारी कंपनी. तिने पहिला कॅमेरा काढला तेव्हा याच खोलीत इसोगाई म्हणाला होता, "याच्यात फोटो काढायचा की भात लावायचा?" सगळे हसले होते. कुसाका तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता.

पुढे आरुकचा कॅमेरा पळत्या पोराच्या डोळ्यावर अचूक फोकस धरायला लागला. वजनाला हलका, आवाज अजिबात नाही. एकेक वर्तमानपत्र तिकडे गेलं. जुनी माणसं मात्र भिडस्त. सवयीने कुसाकाच्या टेबलाशी यायची, चहा प्यायची, आणि येताना नव्या कॅमेऱ्यावर टॉवेल टाकायची, त्याला वाईट वाटू नये म्हणून.

खरं सांगायचं तर कुसाकाला वाईट वाटत नव्हतं. त्याला काहीच वाटत नव्हतं. गेल्या महिन्यात कंपनीतल्या योनेदासाहेबांनी बोलावून सांगितलं, की स्पर्धेत रोज एक तरी काम आलं तर टेबल पुढच्या वर्षी राहील, नाहीतर त्याने गोदामात जावं. तेव्हाही त्याने नुसती मान हलवली होती. दाढेच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल जसा परका होतो, तसा तो सगळाच परका झाला होता. आतापर्यंत रोजचं एक काम कसंबसं निघालं होतं. कुणाची रबरी टोपी, कुणाचा सैल स्क्रू. आज अंतिम सामना होता आणि दुपार झाली तरी कामाचा कागद कोरा होता.

इसोगाई पेला ठेवून गेला आणि थोड्याच वेळात परत आला. या वेळी चहाकडे त्याचं लक्ष नव्हतं. टॉवेलात गुंडाळलेला कॅमेरा पोटाशी धरून तो उभा राहिला.

"उन्हाळा फार आहे यंदा," तो म्हणाला.

"ताकाला येऊन भांडं कशाला लपवतोस?" कुसाका म्हणाला. "काय झालं?"

कार्ड अडकलं होतं. सकाळचे सगळे फोटो त्यात होते, संध्याकाळच्या अंकात जायचे. समोरच्या टेबलावरच्या होरी नावाच्या मुलीने दुसरा कॅमेरा देऊ केला होता, पण कार्डासाठी हा ओसाकाला पाठवून उघडावा लागेल, उद्या मिळेल, असं तिने तीनदा वाकून सांगितलं होतं.

"परत कागद चिकटवलास कार्डावर?" कुसाकाने विचारलं.

वीस वर्षं कुसाका त्याला हेच सांगत आला होता. आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या कार्डाला चिकटवू नकोस, उन्हात गोंद सुटतो, चिठ्ठी आत गोळा होते. इसोगाई वीस वर्षं हो म्हणत आला होता.

दुसऱ्या कंपनीच्या वस्तूला हात लावायचा नाही, हा तोकिवाचा नियम. कुसाकाने तो कधी मोडला नव्हता. त्याने खणातून वाकड्या टोकाचा बारीक चिमटा काढला.

"टॉवेल काढू नकोस," तो म्हणाला. "मला दिसलं नाही, म्हणजे मी हात लावला नाही."

त्याने दोन्ही हात टॉवेलाखाली घातले. झाकण कुठे आहे ते बोटांना कळायला वेळ लागला. तोकिवाचा कॅमेरा त्यांना पाठ होता. हे घर अनोळखी होतं, पण नीट बांधलेलं होतं. फट घट्ट, कडा गुळगुळीत. चांगलं काम केलंय, असं त्याच्या मनात आलं, आणि सकाळपासून पहिल्यांदा छातीत काहीतरी दुखलं. चिमट्याच्या टोकाला चिकट कागद लागला. त्याने तो एका बाजूने सोडवला, मग दुसऱ्या. टक् असा आवाज झाला आणि कार्ड त्याच्या तळहातावर आलं.

बाहेर सामना सुरू होण्याचा भोंगा वाजला, तरी इसोगाई हलला नाही. त्याने टॉवेल ओढून काढला. आरुकचं नाव दोघांच्या मधे उघडं पडलं.

"सहा महिने झाले," इसोगाई म्हणाला. "सांगायला तोंड नव्हतं."

"चांगला आहे," कुसाका म्हणाला. "जा, पोरं खेळायला लागली."

"माझा तोकिवा घरी पडलाय. त्याचा नंबर घे, काम त्याच्यावर लिही. कुणाला कळणार आहे?"

योनेदासाहेबांची अट त्याला ठाऊक होती तर. खोलीतल्या सगळ्यांनाच ठाऊक असावी. आपल्यामुळे टेबल जाणार म्हणून लपवणारे सकाळपासूनचे टॉवेल कुसाकाला आता नीट कळले.

"जा," तो पुन्हा म्हणाला.

इसोगाई नमस्काराला कमरेत वाकला, बराच वेळ वाकलेला राहिला, आणि मग कॅमेरा उघडाच खांद्याला लावून पळत गेला.

संध्याकाळी फोन आला. योनेदासाहेबांनी विचारलं, आज किती?

"एकही नाही," कुसाका म्हणाला.

साहेब म्हणाले, "नीट आठव. एखादं बारीकसारीक?"

"तोकिवाचं एकही नाही, साहेब."

त्याने चिमटे पुसून पेटीत लावले, पेले धुतले, टेबल पुसलं. तोकिवाची पितळी पाटी तेवढी उरली. तिच्यासाठीचा मऊ कागद दरवर्षी तो जपून ठेवायचा, यंदा आणायला विसरला होता. इसोगाईचा टॉवेल खुर्चीवर तसाच पडला होता, काळ्या मातीने मळलेला. कुसाकाने तो बाहेर नेऊन झटकला, आणि चरे पडू नयेत म्हणून पाटी त्यात गुंडाळली.