दुसरी पंगत

अक्कलकोटच्या स्थळाचं घर बघायला मीही येणार, असं सिद्धम्मानं सांगितलं, तेव्हा निंगप्पाच्या हातातला भाकरीचा तुकडा चटणीतच राहिला.

"बायका घर बघायला जात्यात व्हय कुटं? लोकं तोंडात शेण घालतील. आमी जातो, शेत बघतो, विहीर बघतो. पसंत पडलं की तितंच सुपारी फोडून येतो."

"पोरीला विहिरीत नांदायचं हाय का?"

"काय बोलतीस!"

"विहीर तुमी बघा. मी चूल बघते."

निंगप्पाचं सोलापुरात बाळीवेशीजवळ शेंगाचटणीचं दुकान होतं. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, मारझोड नाही, सांजेला दुकान बंद करून सरळ घरी. शेजारणी सिद्धम्माला म्हणत, नशीब काढलंस बाई. तीही म्हणे, काढलं की. पण इतक्या वर्षांत जेवताना त्यानं ताटावरून मान वर केली नव्हती. मागं काय उरलं, कुणाला उरलं, हे त्याला ठाऊक नसे. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि म्हणूनच ते कुणाला सांगता येत नव्हतं. आता लेक महानंदा लग्नाची झाली, तेव्हा मात्र सिद्धम्मानं मनाशी पक्कं केलं. पोरीच्या वाट्याला हे येऊ द्यायचं नाही.

स्थळ मोठं होतं. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, आणि मुलाच्या बापाची, रेवणप्पाची, विहीर त्या सालीही आटली नव्हती, असं सगळा तालुका सांगत होता. निंगप्पा तर मनानं सोयरा होऊनच एस.टी.त बसला होता.

पुरुषांनी शेत पाहिलं, विहीर पाहिली. मग सोप्यात त्यांची पंगत बसली. गव्हाची गोड खीर, हुग्गी, वर तुपाची धार, भात, सार. थोरली सून काशम्मा आतबाहेर पळत वाढत होती. "अजून आण," म्हटलं की आणत होती. सिद्धम्मा चुलीपाशी बसून बघत होती.

पुरुष उठले. मुलाच्या आईनं, ईरम्मानं, आत पाट मांडायला सांगितले. काशम्मानं दोनच ताटं वाढली.

"हिचं ताट?" सिद्धम्मानं विचारलं.

"ती मागनं जेवती. तिला घाई न्हाय."

सिद्धम्मा उठली आणि तिनं पातेल्यावरचं झाकण काढलं. पाहुणीनं असं करू नये, हे तिला कळत होतं. हुग्गीचं पातेलं खरवडून निघालं होतं. भाताच्या तळाला करपलेली खरवड होती, आणि टोपल्यात सकाळची एक भाकरी.

"रोज असंच?" तिनं काशम्माला विचारलं.

काशम्मानं सासूकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

सिद्धम्मानं तिचा हात धरून तिला आपल्या पाटाशेजारी बसवलं आणि आपल्या ताटातलं अर्धं काढून तिच्यापुढं ठेवलं. "जेव."

ईरम्माचा चेहरा उतरला. "सोयरं म्हणून आलाय, तवा बोलत न्हाय. आमीबी सुनाच हुतो की. आमीबी असंच जेवलो."

"मीबी जेवले, अक्का. म्हणूनच आले."

बाहेर तबकात सुपारी ठेवली होती. रेवणप्पाच्या हातात अडकित्ता होता. सिद्धम्मा डोक्यावरचा पदर सारखा करून उंबऱ्यात उभी राहिली.

"जरा थांबा. नवऱ्यामुलाला एक विचारायचंय."

सोप्यातली माणसं एकमेकांकडं बघू लागली. नवरामुलगा गुरुसिद्धप्पा सावरून बसला. त्याला वाटलं, शिक्षण विचारतील.

"बाळ, तुमची वैनी जेवली का?"

त्यानं बापाकडं पाहिलं, मग थोरल्या भावाकडं. "जेवली असंल की."

काशम्माचा नवरा दात कोरत होता, तो हसला. "घरातच तर असती. उपाशी कोण ठेवतंय तिला?" त्याच्याबरोबर सगळेच हसले. निंगप्पाही हसला.

सिद्धम्मा हसली नाही. "सुपारी राहू द्या. आमची पोर हितं नांदायची न्हाय."

एस.टी.त निंगप्पा तोंड फिरवून बसला. गाव मागं पडल्यावर त्याचा संयम सुटला. "अगं, दुष्काळात पाणी असलेलं घर! अन् एका ताटापायी मोडलंस!"

"ताट रिकामं हुतं त्याचं काय न्हाय. गरिबाच्याबी घरात रिकामं असतं. पण नवऱ्याला ठावं असतं की रिकामं हाय. माझ्यातलं अर्धं दिलं तिला, तवा कुटं तिच्या पोटात कायतरी गेलं. अन् तुमी हसलात."

"मग मी तरी तुला कवा विचारलं? तरी नांदलीसच की!"

"नांदले," सिद्धम्मा म्हणाली. "म्हणूनच ठावं हाय."

निंगप्पानं पुढच्या सीटची लोखंडी दांडी धरली.

वळसंगला गाडी थांबली. तो उतरला. तंबाखूला गेला असेल, असं तिला वाटलं. कंडक्टरनं घंटी मारली, तेव्हा तो धावतच चढला आणि कागदातली गरम भजी त्यानं तिच्या मांडीवर ठेवली.

"अर्धंच जेवलीयास तू," तो खिडकीकडं बघत म्हणाला.

सिद्धम्मानं भजी खाल्ली. भूक खरंच लागली होती. खाता खाता तिनं कागद त्याच्यापुढं धरला, तेव्हा त्यानं एक उचललं.

"पुढच्या स्थळालाबी मी येणार," ती म्हणाली.

"ये की. विहीर मी बघतो."

"बघा. पण चूल आधी."