ठमी म्हणते

दादा गेल्यावर त्याच्या शर्टांच्या कप्प्यात एक चिठ्ठी सापडली. पाठकोऱ्या बिलावर पेन्सिलीने लिहिलेली: ‘कॉमिक्स ठमीने विकावीत. तिलाच कळेल.’

ठमी म्हणजे मी. वय चोपन्न, गुडघे त्याहून मोठे. मला काय कळेल, ते मात्र त्याने लिहिलं नव्हतं. त्याची ही जुनीच खोड. निम्मं सांगायचं आणि आपल्या तोंडाकडे बघत बसायचं.

कॉमिक्स नऊ ट्रंकांत होती. दादा वीज कंपनीत घरोघरचे मीटर वाचायचा. राहती क्वार्टर कंपनीची, ती महिनाअखेर रिकामी करून द्यायची होती. वहिनीने तिच्या बहिणीच्या शेजारची एक खोली बघून ठेवली होती. खोली लहान, पण खिडकी भिंतभर. अनामत भरायला वहिनीकडे या नऊ ट्रंकांखेरीज काही नव्हतं.

“वन्सं, तुम्हीच बोला त्या माणसाशी,” वहिनी म्हणाली. मी तिला तीस वर्षं अगं-तुगं करते आणि ती मला तीस वर्षं अहो-जाहो. आता बदलायला दोघींनाही लाज वाटते. “मला त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

“मला तरी कुठे कळतंय?”

“चिठ्ठीत लिहिलंय की, कळेल म्हणून.”

जुन्या कॉमिक्सचा व्यापारी आला तो पांढरे हातमोजे चढवतच. डॉक्टरसुद्धा आमच्या अंगाला इतक्या काळजीने हात लावत नाहीत. त्याने पहिलं कॉमिक अलगद उचललं, शेवटपर्यंत उलटलं आणि थबकला. दुसरं घेतलं. तिसरं घेतलं.

“ताई, शेवटचं पान नाहीये.”

“हो,” मी म्हणाले.

“कशालाच नाहीये. आणि पहिलं पान गोंदाने चिकटवलंय.”

“शेवटचं ओढलं की पहिलं सुटतं ना. दोन्ही एकाच कागदाची. म्हणून गोंद.”

तो माझ्याकडे असा बघायला लागला, जशी काही मीच ती नासधूस केली होती. मग सांगावंच लागलं. लहानपणी आमच्या घरात एक नियम होता. कॉमिक दादाच्या खाऊच्या पैशांतून यायचं, म्हणून नियमही त्याचाच. तो आधी वाचायचा, शेवटचं पान काढून घ्यायचा आणि उरलेलं मला द्यायचा. मी वाचून पुढे काय होईल ते सांगायचं. सांगितल्याशिवाय पान मिळायचं नाही. मी काहीच्या बाही सांगायचे. तो गंभीरपणे ऐकून घ्यायचा, “चूक,” म्हणायचा आणि पान हातात ठेवायचा. वाचून झालं की पान परत बिस्किटाच्या डब्यात आणि डबा त्याच्या उशाशी, कारण पुढच्या कॉमिकचं पान मी चोरून बघेन असा त्याला संशय. संशय बरोबर होता.

“बरं,” हातमोजे म्हणाला. मनातल्या मनात मी त्याला तेच नाव ठेवलं होतं. त्याने नववी ट्रंक उघडली. वरचं कॉमिक गुळगुळीत, नव्या शाईचा वास येणारं. गेल्या वर्षीचं. ते त्याने उलटलं.

“आणि हे कोणाच्या लहानपणीचं?”

त्यालाही शेवटचं पान नव्हतं.

मी वहिनीकडे बघितलं. ती शांतपणे म्हणाली, “दर महिन्याला नवं आणायचे. माझा चहा व्हायच्या आत पान काढून डब्यात. मला वाटायचं, तशीच पद्धत असते. दुधाच्या पिशवीचा कोपरा कापतो ना आपण, तसं.”

“वहिनी, मी लग्न होऊन घरातून गेले त्याला एकतीस वर्षं झाली. कोणासाठी काढत होता तो?”

“मी कशाला विचारू? मीटर वाचणारा माणूस. दिवसभर लोकांचं वाचायचा, घरी आपलं वाचायचा.”

बिस्किटांचे चार पत्र्याचे डबे निघाले. पानं सगळी शाबूत. हातमोजेचा चेहरा जरा खुलला. “मग जीव आहे यात. ज्याचं पान त्याला लावून ठेवा. पुढच्या शनिवारी येतो. पण जुळलेलंच हवं, उगाच आपलं कुठलंही कुठेही नको.”

सांगणं सोपं होतं. पानावर गोष्टीचं नाव नसतं, नुसता आकडा. हजाराच्या वर पानं आणि बहुतेकांवर एकच आकडा, बत्तीस. शेवटी सगळे हसत उभे असतात, नाहीतर सूर्य मावळत असतो. जमिनीवर बसून पहिला दिवस मी एका समुद्री चाच्याला तीन वेगवेगळ्या बायकांशी लग्न लावून देण्यात घालवला.

मग एका पानाच्या खालच्या कोऱ्या पट्टीत पेन्सिलीची बारीक, फिकट ओळ दिसली. दादाचं लहानपणीचं अक्षर, उभं, ताठ: ‘ठमी म्हणते, घोडा बोलेल आणि सगळं सांगून टाकेल.’

घोडा! मला तो घोडा आठवला. मुका राजपुत्र, चोरीला गेलेली मोहोर आणि साक्षीला फक्त घोडा. तिसऱ्या ट्रंकेत होतं ते. पान बिनचूक बसलं.

प्रत्येक पानावर एक ओळ होती. ‘ठमी म्हणते, आई येऊन ओरडेल.’ ‘ठमी म्हणते, ते स्वप्न होतं.’ ‘ठमी म्हणते, मला भूक लागली.’ मी काय म्हटलं होतं ते वाचलं की गोष्ट आठवायची, गोष्ट आठवली की ट्रंक. तिलाच कळेल म्हणजे हे होय. मला वाटलं, सुटलं कोडं.

चौथ्या डब्याशी आले आणि सगळंच हातातून निसटलं. अक्षर मोठ्या माणसाचं झालं होतं, पण ओळी तशाच. ‘ठमी म्हणते, बिल भरलं नसेल.’ ‘ठमी म्हणते, वकील गाठावा.’ ‘ठमी म्हणते, सासूला दोन दिवस बोलवून घ्यावं.’

“मी हे कधी म्हटलं?” मी वहिनीला विचारलं. “मी या वयात कॉमिक वाचलेलंच नाही!”

वहिनी भांडी कागदात गुंडाळत होती. “रविवारी फोनवर बोलायचात ना तुम्ही दोघं.”

बोलायचो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अकराला फोन. दादा माझी तब्येत विचारायचा नाही, मुलांचं विचारायचा नाही. म्हणायचा, “ठमे, एक म्हातारा आहे. रोज दिवा लावायचा, आता लावत नाही. काय झालं असेल?” मी कुकरकडे एक कान ठेवून म्हणायचे, “बिल भरलं नसेल.” किंवा, “एका बाईने नवऱ्याच्या पेटीची चावी विहिरीत टाकलीय. आता काय करेल ती?” मी म्हणायचे, “दादा, तिला चांगला वकील गाठायला सांग.” पलीकडे काहीतरी खरडल्याचा आवाज यायचा. मग तो, “बरं, सांगतो,” म्हणून फोन ठेवायचा.

तो घरोघर जाणारा माणूस. मला वाटायचं, ज्यांचे मीटर वाचतो त्यांचीच ही दुखणी. नवऱ्याला तर मी म्हटलंही होतं, दादाला नसत्या उचापती करायची सवय आहे. आता कळलं, की त्यातला एकही माणूस खरा नव्हता, सगळे कॉमिकमधले. दिवा समुद्रातल्या दीपगृहाचा होता. त्याचा प्रश्न आठवला की कॉमिकही सापडत गेलं.

पण मग त्याने सांगितलं का नाही? की मी ओळखेन असं वाटत होतं त्याला? दर वेळी वाट बघायचा? की माझं ते वकील गाठणं ऐकून पोट धरून हसायचा? मी वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, “हसायचे खरे फोननंतर. पण कधी कधी नुसतेच बसून राहायचे.” म्हणजे मी काय समजायचं?

शनिवारी हातमोजे आला. जुळवलेली पानं बघून खूश झाला आणि मग पेन्सिल बघून पुन्हा लांब चेहरा. “यावर लिहिलंय हो. असं असेल तर निम्म्यात जाईल.” त्याने पिशवीतून मऊ पांढरा खोडरबर काढला. “पेन्सिल आहे म्हणून बरं. हलक्या हाताने पुसलं तर कळणारही नाही. बघा, तुमच्यावर आहे.”

निम्म्यात म्हणजे खिडकीची खोली गेली. वहिनी भांड्यांकडे वळली. ती कढईला कागद गुंडाळत राहिली, आधीच गुंडाळलेल्या कढईला.

“द्या इकडे,” मी म्हणाले.

पुसायला चार दिवस लागले. प्रत्येक ओळ आधी मोठ्याने वाचायची, मग पुसायची. वहिनी समोर बसून पानं पुढे करायची. ‘बिल भरलं नसेल’ला ती इतकी हसली की डोळ्याला पदर लावावा लागला. मग पदर काढेचना. “तुम्ही तरी त्यांना सांगायचं ना, वन्सं, मला कळलं नाही म्हणून,” ती म्हणाली. आता जे कळलंच नव्हतं, ते कळलं नाही म्हणून कसं सांगणार?

अगदी शेवटचं कॉमिक तो जायच्या महिन्यातलं होतं. पानावर लिहिलं होतं, ‘ठमी म्हणते, नंतर सांगते.’

खोडरबर माझ्या हातात होता. मला तो फोन आठवेना. काय विचारलं होतं त्याने? मी कॉमिक पहिल्यापासून वाचलं. रस्ता चुकलेली आगगाडी, तिच्यात एकटा तिकीट तपासनीस. तरी आठवेना.

“हे एक मी ठेवलं तर?” हातमोजे ट्रंका न्यायला आला तेव्हा मी विचारलं.

“ठेवा की. नवंच आहे, त्याला कोण काय देणार?” असं म्हणून त्याने बाकीच्यांचे पूर्ण पैसे मोजले आणि ट्रंका उचलल्या.

वहिनी खोलीत राहायला गेली. मी ते कॉमिक फ्रिजवर ठेवलंय. येता-जाता बघते. छापलेला शेवट समोरच आहे, पण मी त्यावर तळहात ठेवून विचार करते, गाडी कुठे जाईल? कधी वाटतं, परत येईल. कधी वाटतं, तपासनीसच उतरून जाईल. एकदा तर वकील गाठावा असंही मनात आलं.

रविवारी अकराला फोन वाजला. वहिनी होती. घसा खाकरला आणि म्हणाली, “वन्सं, एक बाई आहे. तिची खिडकी भिंतभर आहे, पण उघडतच नाही. आता काय करेल ती?”

“सुतार...” मी म्हणणार होते. जीभ चावली. गॅस बंद केला, खुर्ची ओढून बसले.

“थांब,” मी म्हणाले, “खिडकीपलीकडे काय दिसतंय ते आधी सांग.”