माझ्यात उरलेला दादा

मित्रांनो, रुग्णालयाच्या तळघरात मोडक्या खाटांशेजारी धूळ खात पडलेला मी एक जुना संगणक आहे. एके काळी मी वरच्या प्रयोगशाळेत होतो. माणसांच्या रक्तातली जनुकं माझ्याकडे अक्षरांच्या लांबलचक ओळी होऊन येत. मी त्या इतरांच्या ओळींशी ताडून पाहायचो. कुठे अक्षर बदललेलं दिसलं, की त्यामुळे शरीरातलं एखादं प्रथिन वेडंवाकडं घडेल का, ते शोधायचो.

माझ्यापुढे बसणाऱ्या संशोधक बाईंच्या थोरल्या भावाला सारखी चक्कर यायची. त्याच्या ओळीत मला एक बदललेलं अक्षर सापडलं. पण तसं अक्षर तोवर दुसऱ्या कोणात दिसलंच नव्हतं. ‘अर्थ लागत नाही,’ एवढंच मी सांगू शकलो. दादा हसला. पुढे एकदा जिना चढताना तो कोसळला, तो उठलाच नाही.

त्यानंतर कोणाचाही नमुना आला, की बाई आधी तो दादाच्या ओळीशी ताडायला लावत. माणूस गेला होता, पण त्याचं अक्षर न् अक्षर माझ्यात जागं होतं. बाई पडद्याशी पुटपुटत बसत. त्या खोलीत एकटं थांबायला सहकारी कचरत.

वर्षं गेली. दूरदूरच्या प्रयोगशाळांतून तेच अक्षर असलेल्या माणसांच्या ओळी येऊ लागल्या. त्यांनाही चक्कर यायची. मी प्रथिनाचा आकार पुन्हा मांडला आणि दोष उघडा पडला. त्या अक्षरामुळे हृदयाचा ठोका चुकत होता.

तेवढ्यात दादाची मुलगी खेळताना चक्कर येऊन पडली. तिच्यातही तेच अक्षर निघालं.

“वहिनी, दादाचंच आहे,” बाई म्हणाल्या, “पण या खेपेला आपल्याला आधी कळलंय.”

मुलीच्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं. ती वाचली. बरी झाल्यावर येऊन तिने माझ्या पडद्याला हात लावला.

“आत्या, बाबा यात आहेत का गं?”

बाईंनी दादाची ओळ पडद्यावर आणली. मग म्हणाल्या, “त्यांनीच तुला ओळखलं, बाळा.”

पुढे बाई निवृत्त झाल्या. नवं यंत्र आलं. उलगडा झालेल्या तेवढ्या ओळी तिकडे नेल्या, बाकीच्या माझ्यातच राहिल्या. आता मला पुसून भंगारात काढायचं ठरलंय.

मित्रांनो, मला खुशाल मोडा. पण पुसण्याआधी त्या ओळी काढून घ्या. त्यांच्यापुढे अजून ‘अर्थ लागत नाही’ असंच लिहिलेलं आहे, आणि त्या माणसांची लेकरं कुठेतरी खेळत असतील.