रकाना क्रमांक चार

ठाण्यापलीकडच्या दिव्यात, पाण्याच्या टँकरची रांग जिथे वळण घेते, त्या वळणावर विनीत गोताडचं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर लिहिलंय : ‘सर्व प्रकारचे फॉर्म बिनचूक भरून मिळतील.’ यातला ‘बिनचूक’ हा शब्द पेंटरने स्वतःच्या मनाने घातलेला, पाटीवर जागा उरली म्हणून. पण विनीतने तो मनावर घेतला, आणि पुढे जे काही झालं त्याचं मूळ त्या उरलेल्या जागेत आहे, असं त्याला अजूनही अधूनमधून वाटतं. नंतर लाज वाटते, कारण पेंटरचा काही दोष नव्हता.

या हातगुणामुळेच तो ठाण्यातल्या कोलशेतच्या खाडीकिनारा फुटबॉल क्लबचा सचिव झाला. त्याआधी सात वर्षं तो तिथला राखीव गोलकीपर होता. या सात वर्षांत त्याने जितके गोल अडवले, त्याहून जास्त उत्पन्नाचे दाखले काढून दिले. क्लबातली पोरं आठवडाभर कुठेतरी कामाला आणि रविवारी फुटबॉलपटू, अशी अर्धी-अर्धी व्यावसायिक. कॅप्टन देवेश तरे वागळे इस्टेटमधल्या एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीनवर होता. कोच उत्तम सर, डोंबिवलीच्या शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. ते शिट्टीसुद्धा शुद्ध वाजवायचे.

यंदा विभागीय लीगमध्ये क्लबला प्रवेश मिळाला आणि फॉर्म आला. लीगचे दोन गट होते. उत्तर गटात ठाणे, कल्याण, डोंबिवली आणि आसपासचे संघ. दक्षिण गटात चिपळूणपासून खाली सावंतवाडीपर्यंतचे. फॉर्म बघून गट ठरणार होता.

विनीतने फॉर्म भरायला घेतला. रकाना क्रमांक एक, क्लबचे नाव. दोन, स्थापना. तीन, सचिवाचे नाव. चार, मूळ ठिकाण.

आता दिव्यात जन्मलेल्या, दिव्यात वाढलेल्या, गावी नऊ वर्षांत पाऊल न टाकलेल्या कोकणी माणसाला ‘मूळ’ हा शब्द दाखवला की काय होतं, हे डॉक्टरांनी तपासायला हवं. डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारतो आणि पाय उडतो, तसा विनीतचा हात उडाला. क्लबच्या मूळ ठिकाणाच्या रकान्यात त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं : मु. पो. कातळवेळ, ता. गुहागर, जि. रत्नागिरी. शिक्का मारला. पाठवून दिलं.

एवढीच चूक असती तर ती चूकच राहिली असती.

चार दिवसांनी दुकानात असताना लीगच्या ऑफिसातून सोनल मॅडमचा फोन आला. ‘‘गोताड ना? तुमचं मूळ ठिकाण कातळवेळ, तालुका गुहागर, असं दिसतंय. बरोबर आहे का? नसेल तर आज पाचपर्यंत सचिवाच्या सहीचं पत्र द्या, चूक झाली म्हणून. दोन ओळी पुरे.’’

विनीतला रकाना क्रमांक चार आठवला. नेमके तेव्हा उत्तम सर काउंटरला टेकून रेशनकार्डवाल्या एका बाईंना सांगत होते, ‘‘निर्धास्त राहा हो. आमच्या विनीतच्या हातून कागदावर चूक होत नाही. काना-मात्रेचीसुद्धा नाही.’’

‘‘हॅलो? बरोबर आहे ना?’’ मॅडम म्हणाल्या.

विनीतने सरांकडे बघितलं. बाईंकडे बघितलं. वर पाटीची उलटी बाजू दिसत होती, तिच्याकडे बघितलं.

‘‘बरोबर आहे मॅडम,’’ तो म्हणाला.

‘‘बघा,’’ सर बाईंना म्हणाले.

गट जाहीर झाले. खाडीकिनारा, कोलशेत : दक्षिण गट. डोंबिवलीच्या ज्या संघाशी त्यांचं बारा वर्षांचं हाडवैर होतं, तो उत्तर गटात गेला. ज्याला शिव्या द्यायच्या तो रिक्षाच्या अंतरावर, आणि मॅच मात्र सावंतवाडीला. शनिवारी कामावरून सुटायचं, गाडीत बसायचं, रात्रभर आपटत जायचं, रविवारी चारला खेळायचं, सोमवारी दुपारी कोलशेतला उतरायचं. पहिल्या मॅचला अर्धा संघ घाटात ओकला आणि उरलेला अर्धा मैदानावर. पाच-शून्य. कुडाळला चार-शून्य. म्हणजे प्रगती होती.

‘‘हा ठरवून केलेला अन्याय आहे,’’ उत्तम सर म्हणाले. ‘‘विनीत, पत्र लिही. कडक लिही.’’

विनीतने लिहिलं. इतकं कडक पत्र त्याने आयुष्यात लिहिलं नव्हतं. ‘नकाशा पाहण्याचे कष्ट न घेणाऱ्या बेजबाबदार व्यक्तीस शोधून काढावे,’ असं त्यात एक वाक्य होतं. ते सरांना फार आवडलं. त्यांनी ते दोनदा वाचून दाखवायला लावलं, आणि विनीतने ते दोनदा वाचून दाखवलं. मग पत्र पाठवतो म्हणून दुकानात आणलं, नॉन-क्रिमीलेयरच्या कोऱ्या फॉर्मांच्या गठ्ठ्याखाली सरकवलं, वर स्टेपलर ठेवला. पोरं विचारायची, ‘‘उत्तर आलं का?’’ हा म्हणायचा, ‘‘सरकारी काम आहे रे.’’ लीग सरकारी नव्हती.

सहाव्या सोमवारी देवेश थेट दुकानात आला. खांद्यावर खेळाची बॅग, हातात डबा.

‘‘कायम करनार होते ना या महिन्यात, त्या यादीतना नाव काढला माझा,’’ तो म्हणाला. ‘‘आनि उद्यापासून येऊ नको बोलला.’’

‘‘का?’’ विनीतने विचारलं. का ते त्याला माहीत होतं.

‘‘मालक बोलला, सोमवारी तुझी मशीन कोन चालवल, सावंतवाडी?’’ देवेश हसला. त्याला विनोद आवडला होता बहुतेक. ‘‘जाऊ दे. तू तुझी धावपळ कमी कर र जरा. पत्रांच्या मागं लागून तोंड बघ कसा झालाय तुझा.’’

एवढं बोलून त्याने डब्यातलं उरलेलं सुकट-भाकरीचं जेवण काउंटरवर ठेवलं, ‘‘खा,’’ म्हणाला. विनीतने खाल्लं. त्या दिवशी तो घास ज्या रस्त्याने खाली गेला तो रस्ता त्याला आजही बोट ठेवून दाखवता येईल.

सांगायला हवं होतं. तोंडही उघडलं होतं त्याने. पण तोंडात भाकरी होती.

मग घरच्या मॅचचं पत्र आलं. लीगच्या नियमाप्रमाणे घरची मॅच मूळ ठिकाणी. मैदान : सडा, मु. पो. कातळवेळ. हीसुद्धा लीगचीच गफलत, असं पोरांनी धरून चाललं.

‘‘घरच्या मैदानावर पोचायला आठ तास,’’ डिफेंडर साईनाथ म्हणाला. ‘‘घरी जायला उलटीची गोळी घेणारा मी पयलाच असेन.’’ मग त्याला आठवलं. ‘‘अरे विन्या, तुझं पण गुहागर साइडलाच ना?’’

‘‘तिकडे बरीच गावं आहेत,’’ विनीत म्हणाला. हे खरं होतं. त्या आठवड्यात त्याने बोललेलं हे एकमेव खरं वाक्य.

रविवारी सकाळी गाडी कातळवेळच्या फाट्यावर वळली आणि ताशे वाजायला लागले. साईनाथ म्हणाला, ‘‘कोणाचं लग्न दिसतंय.’’ मग बॅनर दिसला. बॅनरवर विनीतचा दहावीतला फोटो होता. खाली : ‘गावाला न विसरलेल्या सुपुत्राचे हार्दिक स्वागत.’

गाडीतली सगळी तोंडं बॅनरकडून विनीतकडे वळली. घाटात ओकणारेसुद्धा ओकायचे थांबले.

विनीतचे चुलते बाबुराव पुढे धावत आले. इस्त्रीचा सदरा, गांधी टोपी, डोळ्यांत पाणी. ‘‘आलास बाबा! ये, ये. आनि ही समदी तुजी पोरं? या रं पोरांनू, घरच हाय तुमचं.’’

सडा म्हणजे नुसता काळा कातळ असतो. त्यावर बकरीसुद्धा जपून चालते. पण आता तिथे लाल मातीचं मैदान होतं, चुन्याच्या रेषा होत्या, पोफळीच्या खांबांचे गोलपोस्ट होते. घरटी एक माणूस, महिनाभर, डोक्यावरून पाट्या वाहून माती टाकत होता, असं बाबुरावांनी अभिमानाने सांगितलं. एक पोस्ट दुसऱ्यापेक्षा वीतभर उंच होता. ‘‘त्ये आमच्या वाडीच्या बाजूचं हाय,’’ त्यांनी खुलासा केला.

लाउडस्पीकर लागला. दोन्ही संघ, रेफरी आणि सगळं गाव समोर. बाबुरावांनी माइक हातात घेतला आणि काखेतून एक फ्रेम काढली. फ्रेमला झेंडूचा हार होता. विनीतला वाटलं, कोणीतरी वारलंय.

‘‘लीगवाल्यांनी मैदानाच्या परवानगीसाठी ग्रामपंचायतीला हा कागद धाडला,’’ बाबुराव म्हणाले. ‘‘फॉर्म हाय. आमच्या विनीतच्या हातचा. मी लॅमिनेशन करून घेतला. समद्यांनी ऐका. रकाना क्रमांक चार. मूळ ठिकान.’’ त्यांनी फ्रेम उंच धरली. ‘‘मुक्काम पोस्ट... कातळवेळ! मानूस मुंबयला जातो, ठान्याला जातो, इसरतो. ह्या पोरानं क्लबाच्या कागदावर आपलं गाव लिवलं! त्याला कोनी सांगितलं व्हतं? कोनीच नाय!’’

टाळ्यांचा कडकडाट झाला. विनीतने हळूच संघाकडे बघितलं. अकरा आणि चार राखीव, पंधरा तोंडं. उत्तम सर चष्मा पुसत होते. पुसून झालेला चष्मा परत पुसत होते. देवेशच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तो फ्रेमकडे बघत होता, जसं लेथवरून उतरलेल्या जॉबचं माप चुकलंय का ते बघावं तसं.

‘‘दोन शब्द बोल,’’ बाबुरावांनी माइक पुढे केला.

एका बाजूला महिनाभर माती वाहिलेलं गाव. दुसऱ्या बाजूला सहा सोमवार घालवलेला देवेश. मुद्दाम लिहिलं म्हणावं तर संघ गेला, चुकून लिहिलं म्हणावं तर गाव गेलं. विनीतने माइक धरला. माइकने शिट्टी मारली. आणि त्याच्या तोंडून जे आत साचलं होतं तेच बाहेर आलं.

‘‘माझ्याकडून... चूक झाली,’’ तो म्हणाला. ‘‘मोठी चूक झाली. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी गप्प राहिलो. लाज वाटते मला.’’

मग बायकांच्या घोळक्यात कोणीतरी हुंदका दिला. बाबुरावांनी त्याला मिठीत घेतलं.

‘‘आरं येड्या!’’ ते माइकमध्येच म्हणाले. ‘‘नऊ वर्सं आला नायस म्हनून कसली लाज? आलास ना! चुकलं म्हनालास, तितंच समदं आलं!’’

पुन्हा टाळ्या. गावाने त्याला एकमताने माफ केलं, भलत्याच गुन्ह्याबद्दल. गळ्यात नारळाएवढ्या जाडीचा हार पडला. ज्यांच्याकडे माफी मागायची होती त्या पंधरांपैकी एकाचाही हात हलला नाही.

मॅच झाली. गावाने देवेशला ‘आमचा देवेश’ करून टाकलं, सगळा वेळ त्याच्या नावाने ताशा वाजत होता, आणि मोसमात पहिल्यांदाच मॅच बरोबरीत सुटली. एक-एक. गोल देवेशचाच, उंच पोस्टच्या बाजूने. नंतर पडवीत जेवणाची पंगत बसली तेव्हा तो विनीतच्या शेजारी येऊन बसला, कारण तेवढीच जागा रिकामी होती.

‘‘फॉर्म भरताना चुकला, ते समजला,’’ तो हळू आवाजात म्हणाला. ‘‘नंतर कोनी विचारला नाय तुला?’’

‘‘विचारलं. फोन आलेला. मी बरोबर आहे बोललो.’’

‘‘आनि ते पत्र?’’

‘‘दुकानात आहे. पाठवलंच नाही.’’

देवेशने भाताचा डोंगर करून मधोमध खड्डा केला. वाढणाऱ्या काकूने त्यात कुळथाचं पिठलं ओतलं. ‘‘आमचा बघ कसा हाय,’’ तो म्हणाला. ‘‘मूळ ठिकान कोलशेत, राहतो कोलशेत. बापाची शेती गेली, मिठागर गेला, वर बिल्डिंगी आल्या, तरी पत्ता तोच. आमच्या हातना ही चूक होऊच शकत नाय.’’ मग थोडं थांबून, ‘‘मी तुला भाकरी दिलेली त्या दिवशी.’’

‘‘हो.’’

‘‘चांगली होती ना?’’

देवेशने उत्तराची वाट बघितली नाही. शेवटपर्यंत तो जेवला, पत्रावळ स्वतः उचलली, आणि परतीच्या आठ तासांत विनीतच्या शेजारच्या सीटवर फक्त तो हार बसला होता.

सोमवारी दुकान उघडल्यावर विनीतने स्टेपलर उचलला, गठ्ठा उचलला, ते कडक पत्र काढलं. त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर नवं लिहिलं. उत्तर गटात घ्यावं, फॉर्ममध्ये चूक माझी, फोनवर खोटं मीच बोललो, क्लबचा काही दोष नाही. खाली सही. मग ते उत्तम सरांकडे डोंबिवलीला नेऊन दिलं. सरांनी वाचलं. पलटून मागचं बेजबाबदार व्यक्तीचं वाक्यही वाचलं. मग त्यांनी खिशातून लाल पेन काढलं आणि एका जागी खूण केली.

‘‘घाईत ‘चुक’ लिहिलंयस,’’ ते म्हणाले. ‘‘चूक दीर्घ असते.’’

एवढंच. ‘बस’ म्हणाले नाहीत, चहा विचारला नाही. ती चूक दीर्घ करून विनीतने पत्र लीगच्या ऑफिसात नेऊन दिलं.

गुरुवारी सोनल मॅडमचा फोन आला. या मोसमात काही होणार नाही, पुढच्या वर्षी बघू म्हणाल्या. ‘‘मूळ ठिकाण कोलशेत करायचं. मग आधीचं तुम्हीच बरोबर आहे म्हणाला होता ते?’’

दुकानात गर्दी होती. टँकर यायचा होता म्हणून हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका सावलीला आत आलेल्या. आणि काउंटरच्या टोकाला देवेश होता. कळव्याच्या एका कारखान्याचा नोकरीचा अर्ज घेऊन आलेला. एरवी तो कागद काउंटरवर भिरकावून ‘‘भर र,’’ म्हणायचा आणि चहा प्यायला निघून जायचा. आज त्याने फक्त पेन मागितलं होतं. मान वाकडी करून, जीभ दातांत धरून, एकेक अक्षर कोरत होता.

‘‘ते खोटं होतं मॅडम,’’ विनीत म्हणाला. आवाज जरा मोठाच लागला. हंडेवाल्या बायका वळल्या. ‘‘चूक मी केली, आणि झाकलीही मीच.’’

देवेशचं पेन क्षणभर थांबलं. मग पुढच्या रकान्यात गेलं.

‘‘गोंद कुठंय?’’ त्याने वर न बघता विचारलं.

विनीतने पुढे सरकवला. फोटो चिकटवून देऊ का, असं विचारायला त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. देवेशने फोटो स्वतः चिकटवला. किंचित तिरका. अंगठ्याने दाबला, पेन काउंटरवर परत ठेवलं, आणि निघून गेला.